आवाज, ऊर्जा आणि कान : विज्ञानाच्या पाठ्यपुस्तककारांना खुले पत्र

मराठीतून विज्ञानाची पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि वर्गात शिकवणाऱ्या सर्व मान्यवरांस,

सप्रेम नमस्कार.

मी गेली अनेक वर्षे ध्वनिमापनाचे काम करतो. यंत्रांच्या खोलीत, कार्यालयात किंवा सभागृहात मीटर घेऊन उभे राहायचे, आकडे टिपायचे आणि ज्यांच्यासाठी ते टिपले त्यांना त्यांचा अर्थ समजावून सांगायचा, असे या कामाचे स्वरूप आहे. टिपण्याचा भाग सोपा असतो. समजावण्याचा भाग मात्र दर वेळी अडतो, आणि तो नेमका शाळेत शिकलेल्या ‘ध्वनी’ या प्रकरणापाशी अडतो. “८५ डेसिबेलचे एक यंत्र आहे, तसेच दुसरे बसवले तर १७० डेसिबेल होतील का?” हा प्रश्न मला चांगल्या शिकलेल्या, आपापल्या कामात तरबेज असलेल्या माणसांनी विचारलेला आहे. यात त्यांचा दोष नाही. हवेतील दाबाचा चढउतार, त्या चढउतारातून वाहणारी ऊर्जा आणि कानाला जाणवणारा आवाजाचा मोठेपणा या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी पाहिलेल्या बऱ्याच पुस्तकांत त्या एकाच परिच्छेदात, कित्येकदा एकाच शब्दाने उरकलेल्या असतात. त्या वेगळ्या कराव्यात, एवढीच विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सुरुवात आकृतीपासून करतो. ध्वनितरंग म्हणून पुस्तकात जी वर-खाली जाणारी नागमोडी रेघ काढलेली असते, ती पाहून हवाही तशीच वर-खाली हेलकावते असे मुलांच्या मनात बसते. शेजारीच ‘ध्वनी हा अनुतरंग आहे’, म्हणजे हवेचे कण तरंगाच्या दिशेतच पुढे-मागे हलतात, असे वाक्य असते, पण चित्र वाक्यापेक्षा जास्त लक्षात राहते. ती रेघ हवेचे चित्र नसून आलेख आहे, तिच्या उभ्या अक्षावर दाब मोजलेला आहे, आणि हा दाब म्हणजे वातावरणाचा मूळ दाब वजा केल्यानंतर उरलेला किंचित चढउतार आहे, हे अक्षांवर नावे लिहून सांगितल्याशिवाय कळत नाही. कृपया अक्षांवर नावे लिहा, आणि त्यांच्याबरोबर आकडेही द्या, कारण या विषयातले खरे आश्चर्य आकड्यांतच आहे.

वातावरणाचा दाब सुमारे एक लाख पास्कल असतो. एका मीटरवर बसलेल्या माणसाशी आपण सहज बोलतो तेव्हा त्याच्या कानापाशी होणारा चढउतार पास्कलच्या पन्नासाव्या भागाएवढा असतो, म्हणजे मूळ दाबाच्या पन्नास लाखांतला एक भाग. १००० हर्ट्झचा एवढ्या पातळीचा स्वर जात असताना हवेचा थर आपल्या जागेवरून किती सरकतो, याचा हिशेब केला तर तो मिलिमीटरच्या सुमारे नव्वद हजाराव्या भागाएवढा भरतो. त्याच वारंवारतेचा अगदी जेमतेम ऐकू येणारा स्वर घेतला, तर हे सरकणे हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढे उरते. तरंग मात्र २० अंश सेल्सिअस तापमानाला दर सेकंदाला सुमारे ३४३ मीटर पुढे जात असतो. हवा प्रवासाला निघत नाही. ती जागच्या जागी थरथरते आणि बातमी पुढे देते. वरचे आकडे ज्या मुलाच्या डोळ्यांखालून गेले आहेत, त्याला ‘माध्यमाचे कण आपल्या मध्यस्थितीभोवती दोलन करतात’ हे वाक्य घोकावे लागणार नाही.

आता शब्दांविषयी. ही अडचण आपल्या भाषेची खास आहे, आणि ती आपणच सोडवायची आहे. मराठीत ‘बारीक आवाज’ म्हणजे हळू आवाज, आणि ‘बारीक आवाज’ म्हणजेच टिपेचा, नाजूक आवाज. ‘आवाज चढवू नका’ असे आपण म्हणतो तेव्हा मोठ्याने बोलू नका असे सुचवतो, पण ‘चढा स्वर’ म्हटले की वरच्या पट्टीतला स्वर डोळ्यांसमोर येतो. संगीतात ‘तीव्र मध्यम’ हा वारंवारतेने वर गेलेला मध्यम असतो; त्याचा जोराने गाण्याशी काही संबंध नसतो. भौतिकशास्त्रात मात्र ‘ध्वनीची तीव्रता’ म्हणजे एक चौरस मीटरमधून एका सेकंदात वाहणारी ऊर्जा. गाणे शिकणारी मुलगी विज्ञानाच्या तासाला हा शब्द ऐकते तेव्हा तिचा गोंधळ होणारच, आणि त्या गोंधळाला अज्ञान म्हणणे अन्यायाचे आहे. बोलीभाषेत उंची आणि जोर एकमेकांत मिसळतात याला कारणही आहे. जोर लावून बोलताना माणसाचा स्वर आपोआप वर चढतो, त्यामुळे रोजच्या अनुभवात त्या दोन्ही गोष्टी जोडीनेच येतात. हे सर्व प्रकरणाच्या आरंभीच मोकळेपणाने सांगितले पाहिजे. वारंवारतेसाठी उच्चनीचता, ऊर्जेसाठी तीव्रता आणि कानाच्या अनुभवासाठी मोठेपणा असे तीन शब्द ठरवले, आणि मग पूर्ण पुस्तकभर ते कसोशीने पाळले, तर निम्मे काम होईल. ‘मोठेपणा’ हा शब्द घरगुती वाटतो खरा, पण त्याचा अर्थ कोणालाही विचारावा लागत नाही. ‘प्रबलता’ वापरायचा असेल तर तोही चालेल, फक्त तो तीव्रतेच्या जागी येता कामा नये.

डेसिबेलकडे वळतो. ‘डेसिबेल हे आवाज मोजण्याचे एकक आहे’ हे वाक्य मीटर, किलोग्रॅम, सेकंद यांच्या रांगेत डेसिबेलला बसवते आणि तिथूनच १७० चा प्रश्न जन्माला येतो. डेसिबेल हे एक गुणोत्तर आहे. १९२० च्या दशकात टेलिफोनच्या लांबलचक तारांतून जाताना संदेश किती क्षीण होतो हे सांगण्यासाठी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या अभियंत्यांनी ते रूढ केले आणि अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून त्याला नाव दिले. तारेच्या एका टोकाला शक्ती किती होती, दुसऱ्या टोकाला किती उरली, या दोहोंच्या गुणोत्तराचा लघुगणक घ्यायचा आणि त्याला दहाने गुणायचे. लघुगणक घेण्याचे कारण व्यवहाराचे होते. तारेचे तुकडे एकापुढे एक जोडले की घट गुणाकाराने वाढते, आणि लघुगणक घेतला की त्या गुणाकाराची बेरीज होते.

ध्वनीच्या बाबतीत गुणोत्तर कशाशी घ्यायचे, हे ठरवावे लागते. हवेसाठी २० मायक्रोपास्कल हा संदर्भदाब ठरलेला आहे. तरुण, निरोगी कानाला १००० हर्ट्झचा जो मंद स्वर जेमतेम ऐकू येतो त्याच्या आसपासचा हा दाब. तीव्रतेच्या भाषेत तो चौरस मीटरला एका वॅटचा एक लाख कोटीवा भाग होतो. १२० डेसिबेलला, म्हणजे कान दुखू लागतात त्या सुमारास, हीच तीव्रता पूर्ण एक वॅट झालेली असते. एकाच्या पुढे बारा शून्ये मांडावी लागतील एवढा हा पल्ला आहे आणि तो शून्य ते एकशे वीस या आकड्यांत बसवणे हाच डेसिबेलचा उपयोग. शून्य डेसिबेल म्हणजे निःशब्दता नव्हे, हेही इथेच स्पष्ट करावे. संदर्भाहून कमी दाब असला की आकडा उणे होतो, आणि भिंतींवर ध्वनिशोषक सुळके बसवलेल्या खास खोल्यांत उणे २० च्या आसपासची पातळी प्रत्यक्ष मोजलेली आहे. त्याच्या थोडेच खाली हवेच्या रेणूंची उष्णतेने चाललेली अखंड धडपड आडवी येते. वरच्या बाजूलाही मर्यादा आहे. हवा विरळ होते त्या क्षणी दाब शून्याखाली जाऊ शकत नसल्यामुळे, नेहमीच्या वातावरणात सुमारे १९१ डेसिबेलच्या पलीकडे साधा नागमोडी तरंग टिकूच शकत नाही; पुढे असतो तो आघाततरंग.

आता तो प्रश्न. दोन सारखी यंत्रे एकत्र चालू लागली की ऊर्जा दुप्पट होते, आणि दुपटीचा लघुगणक घेऊन दहाने गुणले की तीन येतात. म्हणून ८५ आणि ८५ मिळून ८८ होतात. दहा यंत्रे लावली तर ९५. आणि ८५ च्या शेजारी ७५ चे यंत्र सुरू केले तर मीटर ८५.४ दाखवतो, म्हणजे धाकटे यंत्र बंद करण्यात काहीच हशील नसते. हे तीन हिशेब प्रत्येक पुस्तकात असावेत असे मला मनापासून वाटते. त्यांना पाव पानही लागणार नाही, आणि आवाज कमी करण्यासाठी पैसा कुठे खर्च करायचा हे ठरवणाऱ्या पुढच्या पिढीला ते आयुष्यभर उपयोगी पडतील.

इथवर कानाचा संबंधच आलेला नाही. ८५ चे ८८ झाले म्हणजे ऊर्जा दुप्पट झाली. ऐकणाऱ्याला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो का? मुळीच नाही. त्याला तो जरासा वाढल्यासारखा वाटतो. माणसांना बसवून, स्वर ऐकवून, ‘आता दुप्पट मोठा वाटला तेव्हा सांगा’ असे विचारत केलेल्या प्रयोगांतून असे दिसते की मध्यम वारंवारतेच्या स्वराचा मोठेपणा दुप्पट वाटण्यासाठी पातळी साधारण १० डेसिबेलने वाढवावी लागते, म्हणजे ऊर्जा दहापट करावी लागते. याच आधारावर १९३६ साली स्टॅन्ले स्टीव्हन्स यांनी मोठेपणासाठी ‘सोन’ हे एकक सुचवले. त्याआधी १९३३ साली हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी वेगवेगळ्या वारंवारतेचे स्वर सारखेच मोठे वाटण्यासाठी किती पातळीचे असावे लागतात याचे वक्र प्रसिद्ध केले. पुढे ते नव्याने मोजून आंतरराष्ट्रीय मानकात आले. त्या वक्रांकडे पाहिले की कान हा निःपक्षपाती मोजमाप करणारा नाही हे लख्ख दिसते. १००० हर्ट्झचा ४० डेसिबेलचा स्वर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटण्यासाठी १०० हर्ट्झचा स्वर सुमारे ६४ आणि ५० हर्ट्झचा सुमारे ७८ डेसिबेलचा असावा लागतो. उलट ३००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात कान सर्वांत तल्लख असतो. कर्णनलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांब आणि एका टोकाला पडद्याने बंद असते, आणि अशा नळीचा अनुनाद नेमका त्याच पट्ट्यात पडतो. अनुनादाच्या पाठात बंद नळीचे सूत्र असतेच. उदाहरण म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याजवळ असलेली ही नळी का घेऊ नये?

कानाच्या या पक्षपाताला सामावून घेण्यासाठी मीटरमध्ये ‘ए-वेटिंग’ नावाची चाळणी असते. ती १००० हर्ट्झला काही करत नाही, १०० हर्ट्झला सुमारे १९ आणि ५० हर्ट्झला सुमारे ३० डेसिबेल वजा करते. कानाच्या नकलेचा हा प्रयत्न उपयुक्त आहे, पण ती नक्कल फ्लेचर-मन्सन यांच्या ४० डेसिबेलच्या वक्रावर बेतलेली आहे, आणि खालच्या वारंवारतेला ती फसू शकते. एका कार्यालयात हवा खेळवणाऱ्या मोठ्या नळाजवळ बसणाऱ्या एका बाईंची तक्रार होती की दिवसभर कानात काहीतरी घुमत राहते, डोके जड होते. माझ्याआधी कोणीतरी खोलीच्या मध्यभागी उभे राहून मोजले होते, मीटरवर ३८ आले होते, आणि ‘३८ म्हणजे शांतच’ असा निकाल देऊन तक्रार बंद केली होती. बाईंना आपलेच काही बिघडले आहे असे वाटू लागले होते. मी चाळणी बंद केली, आणि ५० हर्ट्झच्या जवळची ती घुमघुम ६८ वर दिसली; या वारंवारतेचा स्वर ४४ च्या सुमाराला ऐकू येऊ लागतो, म्हणजे ती उंबरठ्याच्या चांगलीच वर होती. शिवाय ५० हर्ट्झची तरंगलांबी जवळजवळ सात मीटर असते. त्या खोलीच्या समोरासमोरच्या भिंतींत स्थिर तरंग उभा राहिला होता, त्यामुळे मध्यभागी दाबाचा चढउतार कमी आणि भिंतीपाशी जास्त होता, आणि बाईंचे टेबल भिंतीला लागून होते. त्यांच्या खुर्चीच्या जागी मीटर धरला तेव्हा आकडा आणखी वर गेला. हे सर्व भौतिकशास्त्र शाळेच्या पुस्तकात आहे: तरंगलांबी, परावर्तन, स्थिर तरंग, वारंवारता. फक्त ते एकमेकांना आणि माणसाच्या कानाला कुणी जोडून दिलेले नव्हते, म्हणून एका माणसाचा खरा त्रास महिनोन्महिने खोटा ठरला. हा प्रसंग आठवला की मला आजही वाईट वाटते, आणि हे पत्र लिहिण्याचे खरे कारणही बहुधा तोच आहे.

याच्या उलट बाजूने होणारे नुकसान अधिक मोठे आहे. अंतर्कर्णातील, ध्वनी टिपणाऱ्या रोमपेशी मरतात त्या प्रामुख्याने तिथे पोचलेल्या ऊर्जेने, आणि मरण पावलेल्या रोमपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबेलच्या पातळीत आठ तास ही मर्यादा बऱ्याच ठिकाणी धरली जाते. ऊर्जेच्या हिशेबाने ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास आणि १०० ला जेमतेम पंधरा मिनिटे मिळतात. कानाला मात्र ८५ आणि ८८ यांतला फरक किरकोळ वाटतो. धोका दुप्पट होतो आणि जाणीव जराशीच वाढते, ही दरी मोठेपणा आणि तीव्रता यांच्यातील दरीच आहे. ‘सवय झाली, आता काही वाटत नाही’ असे म्हणणाऱ्या कामगाराला कानात बोळे घालायला लावणे मला नेहमीच जड जाते, कारण शाळेने त्याला त्याच्या कानावर विश्वास ठेवायला शिकवले आहे.

पुस्तकातील तक्त्यांबद्दल थोडे लिहितो. ‘कुजबुज ३०, संभाषण ६०, जेट विमान १२०’ अशा तक्त्यात अंतर दिलेले नसेल तर तो तक्ता निरर्थक आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की लहान उगमाची पातळी सहा डेसिबेलने उतरते. म्हणजे दहा मीटरवर १२० असलेला आवाज तीनशेवीस मीटरवर साधारण ९० होतो. त्याहून वाईट म्हणजे पाण्यातील आणि हवेतील आकडे शेजारी मांडणे. निळा देवमासा १८८ डेसिबेलचा आवाज काढतो म्हणून तो विमानाहूनही मोठा, हे विधान मुलांच्या पुस्तकांत वारंवार दिसते. पाण्यासाठीचा संदर्भदाब २० ऐवजी एक मायक्रोपास्कल असतो, एवढ्यानेच २६ डेसिबेलचा फरक पडतो. ध्वनीच्या दाबाला पाण्याचा होणारा अडथळा हवेच्या हजारो पट असल्यामुळे तीव्रतेच्या हिशेबात आणखी सुमारे ३६ जातात. दोन्ही वजा केले की हवेच्या मापाने साधारण १२६ उरतात. देवमाशाचे कौतुक तरीही कमी होत नाही, पण विधान मात्र चुकीचे ठरते.

निर्वात हंडीतील घंटेच्या प्रयोगाविषयीही एक सूचना. रॉबर्ट बॉइल यांनी १६६० च्या सुमारास केलेला हा प्रयोग सुंदर आहे, तो जरूर ठेवावा. पण शाळेच्या पंपाने हंडी खरोखर रिकामी होत नाही. उरलेली हवा ध्वनी वाहून नेऊ शकते. आवाज बसतो तो मुख्यतः विरळ हवेला घंटेकडून ऊर्जा नीट उचलता येत नाही म्हणून, आणि उचललेली ऊर्जा काचेत शिरताना बहुतेक परत फिरते म्हणून. दोन माध्यमे एकमेकांशी न जुळणारी असली की ऊर्जा उंबरठ्यावरूनच परतते, हा मुद्दा इथे सांगितला तर पुढे मध्यकर्णातील हातोडी, ऐरण आणि रिकीब ही हाडे कशासाठी आहेत तेही उलगडते. हवेतून थेट द्रवात शिरताना ध्वनीची हजारातील जेमतेम एक हिस्सा ऊर्जा आत जाते. कानाच्या मोठ्या पडद्यावरचा जोर द्रवाने भरलेल्या अंतर्कर्णाच्या छोट्या खिडकीवर एकवटून ही हाडे दाब वीस-बावीस पटीने वाढवतात आणि ते नुकसान बरेचसे भरून काढतात.

शेवटी एक प्रयोग सुचवतो, आणि तो पुस्तकात यावा असा माझा आग्रह आहे. बऱ्यापैकी मोठ्या स्पीकरवर १००० हर्ट्झचा आणि १०० हर्ट्झचा स्वर आळीपाळीने वाजवावा, आणि मीटरची चाळणी बंद ठेवून दोन्ही स्वर वर्गातल्या एकाच जागी ६० डेसिबेलवर आणावेत. मग त्या जागी एकेका विद्यार्थ्याने डोळे मिटून ऐकावे आणि मोठा कोणता ते सांगावे. मीटर दोघांना सारखेच गुण देतो. कानाला १०० हर्ट्झचा स्वर पहिल्याच्या चौथ्या हिश्शाएवढाही वाटत नाही. मोबाइलच्या स्पीकरवर हा प्रयोग करू नये, कारण त्याच्यातून १०० हर्ट्झ नीट बाहेर पडतच नाही आणि मुले त्याऐवजी दुप्पट-तिप्पट वारंवारतेचे अवशेष ऐकतात. विद्यार्थ्यांना थोडे इकडेतिकडे सरकायला सांगितले तर १०० हर्ट्झचा स्वर कुठे फुगतो आणि कुठे जवळजवळ नाहीसा होतो हेही त्यांना स्वतःच सापडेल. एका तासात हे सर्व सहज होते. स्वरांच्या ध्वनिफिती आणि शिक्षकांसाठी टिपणे तयार करून द्यायला, तसेच प्रकरणाचा मसुदा वाचून आकडे तपासायला मी केव्हाही, विनामूल्य, तयार आहे.

आपला नम्र,
एक ध्वनिमापक